नकाशात नसलेला पऱ्या

मी रत्नागिरीत एका इंजिनियरच्या ऑफिसात नकाशे काढते. ऑफिस लहान आहे. सर, मी आणि कागदपत्रं बघणारा एक क्लार्क. घरांचे आराखडे, प्लॉटची मोजणी, कुणाच्या बागेतली पंपाची खोली, अशी कामं चालू असतात. काही वर्षांपूर्वी एक वेगळं काम आलं. शहराच्या एका भागाचा पावसाच्या पाण्याचा आराखडा करायचा होता. पाणी कुठून येतं, कुठे तुंबतं, गटारं कुठे हवीत, रस्ते कुठे रुंद करता येतील, हे सगळं एका नकाशावर आणायचं. त्याआधीच्या दोन पावसाळ्यांत सड्यावरून सुटलेलं पाणी खालच्या वस्तीतल्या घरांत शिरलं होतं. सडा म्हणजे आमच्याकडचं कातळाचं उघडं पठार. त्याच्यावर पडलेलं पाणी मुरत नाही, धावत सुटतं. आणि हल्ली पाऊसही असा पडतो की चार दिवसांचा एका सकाळीत उरकून घेतो.

सरांनी ते काम माझ्या हातात दिलं तेव्हा मला फार आनंद झाला. तो भाग माझ्या पायाखालचा होता. मी त्याच्या वरच्या टोकाला, सड्याच्या कडेला बांधलेल्या एका सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर राहते. मला वाटलं, आपल्याइतकी माहिती दुसऱ्या कुणाला असणार?

एप्रिलमध्ये मी तीन आठवडे तो उतार पायी फिरले. डोक्यावर टोपी, गळ्यात पाण्याची बाटली, हातात टेप. ऑफिसात परतलं की मोजमापं संगणकावर चढवायची, उपग्रहाच्या चित्राशी ताडून बघायची. उताराच्या मधोमध एक रुंदशी वाट होती. दोन्ही बाजूंना चिऱ्यांच्या भिंती, मध्ये वाळलेला पाला, कुणाची सायकल टेकवलेली, कुणाचे कपडे दोरीवर. मी नोंद केली, ‘पायवाट, रुंदी नऊ फूट’. आणि आराखड्यात तिथे एक काँक्रीटचा रस्ता सुचवला, दोन्ही बाजूंना गटारांसकट. खालच्या वस्तीत आजारी माणसाला न्यायला रिक्षासुद्धा येत नव्हती. माझ्या रस्त्याने ती येणार होती. सगळ्या नकाशात मला त्याच रेघेचा जास्त अभिमान होता.

मेच्या सुरुवातीला लोकांच्या हरकती आणि सूचना घ्यायला नकाशे एका शाळेच्या हॉलमध्ये लावले. लोक आले, आपापलं घर शोधून आपली भिंत कापली जात नाही ना एवढं बघून गेले. चार-पाच जणांनी अर्ज दिले. दुपारी एकच्या सुमारास हॉल रिकामा झाला तेव्हा माझ्या लक्षात आलं, एक म्हातारे गृहस्थ सकाळपासून मागच्या बाकावर बसून आहेत. पांढरा शर्ट, खाकी पँट, हातात काठीसारखी धरलेली छत्री. ते उठले, गुडघे सांभाळत नकाशापाशी आले आणि चष्मा कपाळावर चढवून बराच वेळ बघत राहिले.

“हा कोणी काढला?” त्यांनी विचारलं.

“मी काढला, काका.”

“रेघ सुंदर आहे तुमची.” मग त्यांनी माझ्या रस्त्यावर बोट ठेवलं. त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं आखडलेली होती. “पण ताई, हा रस्ता नाय.”

“रस्ता नाहीच, पायवाट आहे. रस्ता आपण करणार आहोत.”

“पायवाट पण नाय. पऱ्या हाय तो. एप्रिलात आलात ना तुम्ही? तेव्हा निजलेला असतो.”

पऱ्या म्हणजे पावसाळी ओढा. पावसाळ्यात वाहतो आणि दिवाळीनंतर आटतो. कोकणात जन्मलेल्या मला हे कुणी शिकवायला नको होतं. माझे कान तापले. मी घाईघाईने म्हटलं, “काका, तुम्ही हरकतीचा अर्ज द्या. मी फॉर्म देते.”

“अर्ज नको. कागद दिला की त्याला उत्तराचा कागद येतो. तुम्ही उद्या सकाळी खाली खाडीच्या पुलाकडे या. मी दाखवतो.”

ते गेल्यावर मला उमगलं, की ते सकाळपासून हॉल रिकामा व्हायची वाट बघत बसले होते. सगळ्यांसमोर हे बोलले असते तर माझी शोभा झाली असती. सकाळभर सरही तिथेच होते.

दुसऱ्या दिवशी सात वाजता मी पुलाकडे गेले. काका आधीच आले होते. चालता चालता त्यांनी स्वतःबद्दल सांगितलं. ते वीज खात्यात वायरमन होते. नोकरीची बहुतेक वर्षं याच भागात गेली. मूळ गाव आत डोंगरात, भातशेतीचं. नोकरी लागल्यावर खालच्या वस्तीत घर बांधलं. बायको वारलेली, मुलगी लग्न होऊन सावर्ड्याला. बोटं एकदा तारेला चिकटली होती, तेव्हापासून तशीच.

“पावसात लाईट गेली की मी बाहेर,” ते म्हणाले. “लोक घरात आणि मी पाण्यात. त्यामुळे पाणी कुठून जातं ते मला ठाऊक. हुशारी काय नाय त्यात.”

त्यांनी मला वाटेतला एक विजेचा खांब दाखवला. बाकीच्या खांबांपेक्षा याच्या बुडाशी सिमेंटचा गोळा खूप मोठा होता. “हा मी तीनदा उभा केला. पाणी बूड उकरून न्यायचं. शेवटी एवढं सिमेंट घातलं तेव्हा थांबला.” जरा वर गेल्यावर दुसरा खांब भिंतीला टेकलेला. “हा इकडे सरकवला. मूळ जागा ती, तिथे करंज आहे ना, त्याच्या पुढे.” मी त्या वाटेवरून एप्रिलात निदान दहा वेळा गेले असेन. खांब मोजलेही होते. त्यांच्या बुडाकडे मात्र कधी बघितलं नव्हतं. आता बघितलं तर पाल्याखाली गुळगुळीत गोटे होते, वाहत्या पाण्याने घासलेले. करंजाची मुळं एका बाजूने उघडी पडलेली होती. तिथून पुढे एका विहिरीपाशी काका थांबले.

“तुम्ही तळाला काँक्रीट घालणार म्हणता. मग ह्या विहिरीला पाणी कुठून? पऱ्यात मुरतं तेच हिच्यात येतं. आत्ताच मे महिन्यात खालच्या वस्तीला टँकर लागतो.”

“पण काका, पाणी पटकन खाडीत गेलं तर घरांत शिरणार नाही, असा आमचा विचार होता.”

“खाडी रोज घेते का पाणी? उधाणाची भरती असली की तीच आत येते. तेव्हा वरनं तुमचं धावत आलं की मध्ये आम्ही.” त्यांनी दोन्ही तळवे एकमेकांवर आणून मध्ये एक बोटभर जागा ठेवली. “वरच जरा थांबवा त्याला. मुरू द्या. मग सावकाश सोडा.”

मी आराखड्यात पाऊस धरला होता, उतार धरला होता. भरतीची वेळ आणि पाऊस एकत्र येईल हे धरलंच नव्हतं.

आम्ही चढत चढत वरच्या टोकाला आलो. वाट एका उंच भिंतीपाशी संपत होती. भिंत नवी, पिवळ्या रंगाची. तिच्या बुडाशी जेमतेम फूटभर रुंदीचा एक पाइप बाहेर काढलेला होता, तोही प्लॅस्टिक आणि मातीने अर्धा भरलेला.

“आणि इथे त्याचा गळा धरलाय,” काका म्हणाले. “सड्यावरनं येतो तो ह्या भिंतीच्या आत. पाइपातनं किती जाणार? बाकीचा भिंतीला लागून वळतो आणि डावीकडच्या गल्लीत उतरतो. गल्लीच्या शेवटी अंगणवाडी. गेल्या साली पोरं आत होती.”

ती भिंत आमच्या सोसायटीची होती. वर माझी बाल्कनी दिसत होती, तिच्यात माझी तुळस आणि माझ्या मुलीचा वाळत घातलेला युनिफॉर्म. आणि मला आणखी एक गोष्ट आठवत होती. गेल्या जुलैमध्ये त्याच बाल्कनीतून मी या भिंतीलगत उसळत जाणाऱ्या लाल पाण्याचा व्हिडिओ काढला होता आणि घरच्या ग्रुपवर टाकला होता. खाली लिहिलं होतं, ‘आमच्याकडचा धबधबा!’ पुण्याच्या वहिनीने त्यावर टाळ्या पाठवल्या होत्या.

“काका,” मी म्हटलं, “मी इथेच राहते. ती दुसऱ्या मजल्यावरची बाल्कनी माझी.”

त्यांनी वर बघितलं, मग माझ्याकडे. मला वाटलं, आता काहीतरी लागेल असं बोलतील.

“मग बरंच झालं,” ते म्हणाले. “आतनं बोलणारं कोणतरी हवंच होतं.”

त्या एका वाक्याबद्दल मी त्यांची आजही ऋणी आहे. त्यांना मला आरोपी करता आलं असतं, ते त्यांनी केलं नाही. उलट कामाला लावलं.

सरांना सांगणं सोपं नव्हतं. तीन आठवड्यांचं काम चुकलं होतं आणि मुदत जवळ आली होती. त्यांनी पेन टेबलावर ठेवलं, पंख्याकडे बघितलं आणि विचारलं, “जुना गाव नकाशा काढला होतास का?” मी नाही म्हटलं. “मीही विचारलं नाही तुला,” ते म्हणाले. मोजणी कार्यालयातून आम्ही तो जुना नकाशा मिळवला. त्यात उतारावरून खाडीपर्यंत शेजारी शेजारी जाणाऱ्या दोन बारीक वळणदार रेघा होत्या, पऱ्याचे दोन काठ. माझ्या सरळ रस्त्यापेक्षा त्या कितीतरी सुंदर होत्या. सर स्वतः काकांबरोबर उतार फिरून आले आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी वरच्या अधिकाऱ्यांना फोन करून मुदत वाढवून घेतली. फोनवर माझं नाव न घेता ते “आमची चूक” असं म्हणाले. मी शेजारच्या टेबलावर होते.

नवा आराखडा सर, काका आणि मी, आम्ही तिघांनी मिळून केला असंच म्हटलं पाहिजे. रस्ता रद्द. पऱ्याची जागा पऱ्यासाठी राखीव. बाजूंना चिऱ्यांचे बांध, तळ मातीचाच. वरच्या अंगाला, सड्याचं पाणी उतरतं तिथे, एक रुंद खळगा, म्हणजे पाणी आधी त्यात विसावेल आणि गाळ तिथेच बसेल. आणि रिक्षासाठी बाजूच्या गल्लीतून वळसा घालणारा रस्ता. हे सगळं कागदावर झालं. पण पऱ्या आमच्या सोसायटीतून जात होता. भिंत दहा फूट रुंद उघडायची होती आणि आतली चार गाड्यांची जागा सोडायची होती. त्याला सभासदांची संमती हवी होती.

रविवारी सकाळी पार्किंगमध्ये खुर्च्या मांडून सभा भरली. मी नकाशा लावला आणि समजावून सांगितलं. लगेच प्रश्न सुरू झाले. उघड्या पऱ्यातून साप येतील. कचरा साठेल. लहान मुलं पडतील. आमच्याच सोसायटीने का सोसायचं? मी काकांना बोलावलं होतं. ते इस्त्रीचा शर्ट घालून कडेच्या खुर्चीत बसले होते. ते बोलायला उठले तेव्हा तळमजल्यावरच्या एका गृहस्थांनी हात वर केला.

“एक मिनिट. हे सभासद नाहीत.”

“नाय,” काका शांतपणे म्हणाले. “मी खालचा. तुमचं पाणी माझ्याकडे येतं, एवढंच नातं.”

कुणीतरी हसलं, मग ते हसू विरून गेलं. काका फार काही बोलले नाहीत. पाणी कुठून येतं आणि कुठे जातं एवढंच सांगून खाली बसले. मग मी माझा मोबाईल काढला. तो व्हिडिओ मी सगळ्यांना दाखवला, खाली लिहिलेल्या ओळीसकट. हे करायचं मी आदल्या दिवशीच ठरवलं होतं. मी म्हटलं, “हे मी वरून काढलं. मला तो धबधबा वाटला होता.”

आमच्या सोसायटीच्या अध्यक्ष म्हणजे गणित शिकवून निवृत्त झालेल्या बाई. त्यांनी मोबाईल हातात घेऊन तो व्हिडिओ दोनदा बघितला. मग काकांना विचारलं, “त्या दिवशी अंगणवाडीतली मुलं कुठे होती?”

“नऊ पोरं होती. सेविकाबाईंनी टेबलावर चढवली. मग आम्ही दोघा-तिघांनी खांद्यावर घेऊन एकेक वर आणली. तांदळाची गोणी तरंगत होती. पोरांना मजा वाटत होती, नशीब. रडलं कोणी नाय.”

बाईंनी मोबाईल मला परत दिला. “चार जागांपैकी एक माझी आहे,” त्या म्हणाल्या. “माझी स्कूटर रस्त्यावर राहील. बाकीच्या तिघांनी आपापलं बघावं.”

ठराव एकमताने झाला असं मला लिहिता आलं असतं तर बरं वाटलं असतं. तसं झालं नाही. थोड्या मतांनी पास झाला आणि ज्यांनी विरोधात मत दिलं त्यातले दोघं अजून जिन्यात भेटले तर माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलतात. पण साप येतील म्हणणारे काका, ते वेगळे, तिसऱ्या मजल्यावरचे, त्यांनी पुढे होऊन पऱ्याच्या कडेला जाळीचं कुंपण करून घेतलं आणि कचऱ्यावर आजपर्यंत तेच लक्ष ठेवतात.

त्या वर्षीचं काम पावसाआधी अर्धंच झालं. पूर्ण झालं ते पुढच्या वर्षी. भिंत उघडली त्या दिवशी आतला मातीचा ढीग काढताना खालून तेच गुळगुळीत गोटे निघाले. सोसायटीतली मुलं ते गोळा करत होती. माझ्या मुलीने एक आणून मला दाखवला, “आई, हा नदीतला आहे?” मी तिला हो म्हटलं.

मग जुलैमधला तो दिवस आला. सकाळी ऑफिसला निघताना पाऊस साधाच होता. साडेदहापासून मात्र असा कोसळायला लागला की समोरची इमारत दिसेना. अमावास्या होती, दुपारी उधाणाची भरती. सरांनी घड्याळाकडे आणि मग माझ्याकडे बघितलं. “जा बघून ये,” ते म्हणाले, “नाहीतर इथे बसून तुझं काम होणार नाही.”

मी रेनकोट चढवून खाली गेले. पऱ्या भरून वाहत होता, लाल, दाट, मोठा आवाज करत. चिऱ्यांच्या बांधाला घासत जात होता, पण बांधाच्या आत होता. काका अंगणवाडीसमोर छत्री धरून उभे होते. अंगणवाडीला तीन पायऱ्या आहेत. भरतीमुळे खाडीकडून तुंबत आलेलं पाणी खालच्या पायरीपर्यंत आलं, तिच्यावर चढलं आणि दुसरीच्या खाली चार बोटांवर थांबलं. आम्ही दोघं तासभर त्या चार बोटांकडे बघत उभे होतो. आतून खिचडीचा वास येत होता आणि मुलं मोठमोठ्याने आकडे म्हणत होती. भरती उतरायला लागली तसं पाणीही उतरलं. पुलाकडचा रस्ता बुडाला होता, खालच्या दोन घरांच्या अंगणात पाणी आलं होतं, एकाच्या कोंबड्या गेल्या. आमच्या आराखड्याने सगळं सुटलं असं नाही. पण त्या दिवशी एकाही घराच्या उंबऱ्याच्या आत पाणी गेलं नाही.

“गेला गो आपल्या वाटेनं,” काका म्हणाले. तोपर्यंत ते मला ‘ताई’ आणि ‘तुम्ही’ म्हणत. त्या दिवसापासून ‘गो’ आणि ‘तू’ झालं.

सेविकाबाईंनी आम्हाला आत बोलावलं आणि मुलांच्या बरोबरीने ताटलीत खिचडी वाढली. मी ओल्या कपड्यांनी छोट्याशा बाकावर बसून ती खाल्ली. एक मुलगी माझ्या रेनकोटचं बटण ओढत होती.

पुढच्या उन्हाळ्यात त्या विहिरीला मेच्या अखेरपर्यंत पाणी राहिलं. टँकर आला, पण उशिरा आला. काकांना मात्र ते बघायला मिळालं नाही. गुडघे फारच धरले म्हणून मुलगी त्यांना सावर्ड्याला घेऊन गेली. जाताना त्यांनी मला खालच्या वस्तीतल्या तीन माणसांची ओळख करून दिली. एक जुने नळ दुरुस्त करणारे, एक मासे विकायला दारोदार फिरणाऱ्या मावशी, एक घरं बांधणारे गवंडी. “मी नसलो तर ह्यांना विचार,” असं म्हणाले. तेव्हापासून आमच्याकडे नव्या भागाचा आराखडा आला की मी टेप काढायच्या आधी अशी माणसं शोधते. प्रत्येक वेळी भेटतात. आजवर एकानेही मला वेळ नाही म्हणून परत पाठवलेलं नाही. मासे विकणाऱ्या मावशींनी तर डोक्यावरची पाटी उतरवून पाणी कुठून जातं ते दाखवायला माझ्या कागदावर स्वतःच्या हाताने कोळशाची रेघ मारली होती. मी ती तशीच ठेवली आहे.

गेल्या महिन्यात एका रविवारी मी एसटीने सावर्ड्याला गेले. काका पडवीत खुर्चीवर बसले होते, समोर नातीची शाळेची वही. मी शेजारी बसले. इकडचं तिकडचं बोलणं झाल्यावर मी जे बोलायला आले होते ते बोलले. “काका, त्या हॉलमध्ये तुम्ही सगळे जाईपर्यंत थांबलात. भिंतीपाशी मला काही बोलला नाहीत. मी कधी तुमचे आभार मानले नाहीत.”

ते एकदम अवघडले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. “आभार कसले? मला पाण्याची भीती वाटत होती, म्हणून आलो.” मग आतल्या बाजूला वळून मुलीला हाक मारली, “अगो, ही जेवून जाणार हाय. कुळथाची पिठी घाल जरा जास्त.”

मला पाचची गाडी पकडायची होती. मी ती सोडली आणि जेवायला बसले.